बाळंतवारा

"फॅन लाव."

"न्हाय."

"आत्या, घामानं भिजून गेलेय मी. लाव ना फॅन."

"बाळंतवारा लागंल. मग जलमभर कंबर धरून बसशील आन् म्हनशील, आत्यानं सांगितलं न्हाय."

हे एवढं बोलणं आमच्यात रोज सकाळी व्हायचं, दुपारी व्हायचं आणि दिवे लागले की परत एकदा व्हायचं. फॅन काही लागायचा नाही. डोक्यावर लटकत होता, नुसता बघायला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी फलटणला आले होते. नागपंचमीच्या सुमारास मुलगी झाली आणि दवाखान्यातून आल्या आल्या मला मधल्या खोलीत घातलं. त्या खोलीला एकच खिडकी, तिच्यावर पोतं ठोकलेलं. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा नि शेपांची धुरी. माझ्या कानांत कापूस, कापसावर फडकं, फडक्याची गाठ हनुवटीखाली. एकदा आरशात बघितलं तर दाढ दुखणाऱ्या म्हाताऱ्यासारखी दिसत होते. पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आवळलेलं. श्वास घ्यायचा तोसुद्धा आत्याला विचारून.

हौसाआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा गेला, पोटी मूलबाळ नाही, तेव्हापासून ती आमच्याच घरी. अण्णांचं सायकलचं दुकान सोडलं तर घरातल्या बाकी सगळ्यावर तिचा हुकूम. आई तिला वन्सं म्हणायची आणि तिच्यापुढे मान वर करायची नाही. बाळंतपण, बारसं, लोणची, धुणी, सगळं आत्या सांगेल तसं.

आमच्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण बाहेर पडते. न्हाऊनमाखून विहीर पुजायला जाते. माझा सव्वा महिना भरला तशी मी सकाळपासून साडी नेसून, वेणी घालून बसून राहिले. आई आत आली ती हातात काढा घेऊन.

"विहिरीवर कधी जायचं?" मी विचारलं.

"अजून थोडे दिवस जाऊ देत. तू अजून बरी नाहीस."

"बरी नाही म्हणूनच म्हणतेय, मला बाहेर काढ!"

"खोलीत राहूनच बाई बरी होते, वैजू. मी झालेच की. घे, गरम आहे तोवर पी."

आता या माणसाशी काय बोलायचं? मी कोमेजत होते म्हणून मला आत ठेवायचं आणि आत ठेवलं म्हणून मी आणखी कोमेजायचं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. पण आमच्या घरात तो पाय धरून आणखी खाली ओढायला दोघी बसल्या होत्या, त्याही मायेनं.

आणि मी बरी नव्हतेच. ते खोटं नव्हतं. पोरीबद्दल मला काही वाटत नव्हतं. काही म्हणजे काहीच. ती रडली की शेजारच्या घरात कुणाचं तरी मूल रडतंय असं वाटायचं. आत्या आणून समोर धरायची म्हणून मी पाजायचे. पाजून झालं की आत्या तिला उचलून मांडीवर घ्यायची आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. दिवसभर पोर आत्याच्याच मांडीवर. मला भूक नाही, झोप नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचं, आणि पडल्या पडल्या रडू यायचं. का यायचं ते विचारू नका. मला कळलं असतं तर सांगितलं नसतं का? त्या काळात याला काही नाव असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. आत्याच्या लेखी डिंकाचे लाडू कमी पडत होते.

एके दिवशी आई अळीवाची खीर घेऊन आली, तेव्हा मी तिला सांगून टाकलं.

"ह्यांच्या थोरल्या बहिणीला मूल नाही. मालनताईंना. घट बसायच्या आधी हे मला न्यायला येणार आहेत ना, तेव्हा त्याही येतायत. हिला त्यांच्याकडे देऊन टाका. चांगलं सांभाळतील त्या."

आईनं वाटी माझ्या पुढ्यात ठेवली. "असं अभद्र बोलू नये," एवढंच म्हणाली.

मी काही चेष्टा करत नव्हते. मनात सगळं ठरवून टाकलं होतं. मालनताई आल्या की पोरगी त्यांच्या ओटीत घालायची आणि कूस बदलून झोपायचं, बस्स. आईलाही ते कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं असेल? खिडकीवर आणखी एक पोतं ठोकलं. शपथ घेऊन सांगते.

पुढं पितरांचा पंधरवडा संपत आला आणि घरात धुण्याची गडबड सुरू झाली. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते, आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं धुवावं लागतं. वाकळा, गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, जमखानं. चिंधूकसुद्धा शिल्लक ठेवायचं नाही. हे धुणं घरच्या मोरीत मावत नाही, म्हणून सगळं गाव कॅनॉलवर जातं. दरवर्षी शेजारच्या घाडगेमामांचा टेम्पो यायचा, त्यात ढीग रचायचा, वर भाकऱ्यांचं गाठोडं ठेवायचं आणि निघायचं. लहानपणी तो आमचा सणच होता.

त्या सकाळी टेम्पो दारात आला आणि धुवायला यायचं कबूल केलेल्या दोन्ही बायांनी टांग दिली. म्हणजे आता धुणार आई आणि आत्या. मग माझ्याजवळ कोण थांबणार?

"वन्सं, तुम्ही राहा हिच्यापाशी. मी करते कसंतरी."

"तुझी कंबर बघ, आन् बोल. म्या नसले तर सोडा किती घालायचा त्येबी कळत न्हाय तुमास्नी."

"मग मी राहते."

"आन् म्या एकटीनं धुवू व्हय एवढ्या वाकळा?"

हे चाललं असताना अण्णा माझ्या अंगाखालची वाकळ ओढत होते, कारण बाळंतिणीचं अंथरूण आधी धुवायचं असतं. खिडकीवरची दोन्ही पोतीसुद्धा धुवायला काढली. मी उघड्या बाजेच्या सुंभावर बसून राहिले. इतक्या दिवसांनी त्या खोलीत ऊन आलं आणि मला डोळे उघडता येईनात.

"हिलाबी घिऊन चला," आत्या एकदम म्हणाली.

"वन्सं! आणि वारं लागलं म्हणजे?"

"टेम्पोच्या केबिनात बसंल. काचा लावू. काचंतनं वारं येतंय व्हय?"

तर अशी माझी वरात निघाली. कानात कापूस, डोक्याला फडकं, अंगावर शाल, दोन्ही बाजूच्या काचा वर. शेजारी आत्या, तिच्या मांडीवर तीन दुपट्यांत गुंडाळलेली पोरगी. मागं धुण्याच्या ढिगावर आई आणि अण्णा. घाडगेमामा बिचारे घामाघूम होऊन गाडी चालवत होते. त्यांनी एकदा काच खाली घ्यायला हात घातला, तर आत्यानं नुसतं बघितलं. त्यांनी हात मागं घेतला.

कॅनॉलवर पोचलो. पाणी भरून वाहत होतं. काठाला बाया ओळीनं कामाला लागलेल्या, वेड्या बाभळींवर लाल-हिरव्या गोधड्या वाळत टाकलेल्या, पोरं पाण्यात उड्या मारतायत. आणि मी केबिनमध्ये. आत्यानं खाली उतरून दार लावून घेतलं. कडुलिंबाच्या सावलीत पोतं टाकलं, पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि तिथूनच आईला हुकूम सोडायला लागली. घाडगेमामा गाडी सोडून दुसऱ्या झाडाखाली आडवे झाले, ते घोरायलाच लागले.

आता विचार करा. घरी कोंडलं होतं तिथं निदान जागा तरी होती. इथं सीटचं रेक्झीन तापलेलं, डिझेलचा वास, समोर देवाच्या तसबिरीला वाळका हार आणि काचेवर एक माशी. तीसुद्धा बाहेर जायला धडपडतेय. सगळं जग काचेपलीकडं, आणि कानात कापूस असल्यामुळं आवाजही नाही. आगीतून निघून फुफाट्यात पडले होते.

काचेतून आई दिसत होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून दगडावर माझी वाकळ धोपटत होती. दोन दणके घालायची आणि कमरेला हात लावायची. अण्णा पलीकडे बाभळीवर चादरी पसरत होते, त्यांचं इकडं लक्ष नव्हतं. मग आई ती वाकळ पिळायला लागली. एकटी. भिजलेली वाकळ म्हणजे काय चेष्टा असते? जुन्या चार लुगड्यांचा थर आत. दोघींनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ घालावा लागतो. आई एक टोक पायाखाली दाबतेय, दुसरं फिरवतेय, ते सुटतंय, परत धरतेय. एकदा तोल जाऊन बसलीच पाण्यात.

"अगं, एकटीनं पिळली जाते का वाकळ?" मी ओरडले.

काचा बंद. कुणाला ऐकू जाणार? ती उठली आणि पुन्हा तेच.

"आई! अण्णांना हाक मार ना!"

पुन्हा तेच. माझं टाळकं सटकलं. अशा बावळटपणापुढं माणसानं किती गप्प बसायचं? मी शाल फेकली, दार लाथेनं उघडलं, डोक्याचं फडकं सोडलं, कानांतला कापूस उपटून टाकला. आणि सगळा आवाज एकदम कानात शिरला. पाण्याचा, पोरांचा, धोपाटण्यांचा. क्षणभर मला गरगरलं.

"आगं, वारं! आगं वैजे, वारं लागंल!" आत्या झाडाखालून ओरडली. ओरडली, पण उठली नाही.

"लागू दे!" म्हणत मी तशीच पाण्यात शिरले.

पाणी गार होतं. पार नडगीपर्यंत झिणझिण्या आल्या. आई मला बघून पांढरी पडली.

"वैजू, जा, गाडीत बस जा."

"तू गप्प बस. टोक धर."

"अगं, ओली बाळंतीण तू..."

"टोक धर म्हणते ना!"

तिनं धरलं. आम्ही पीळ घातला. पाणी भळाभळा खाली आलं. मग दुसरी वाकळ. मग मी धोपाटणंच हातात घेतलं. काय सांगू तुम्हाला, काय धोपटलंय मी त्या दिवशी! फॅनचा राग, काढ्याचा राग, पोत्यांचा राग, सगळा त्या गोधड्यांवर काढला. त्यांत एक आत्याची होती, तिला दोन जास्तीच पडले. शेजारची बाई म्हणाली, "हळू, बाई, दगुड फुटंल." सगळी भिजले, केस सुटले, पाठीवर ऊन पडलं होतं. ते ऊन मला अजून आठवतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला. दमले, पण पडून पडून दमायचे तसं नाही. काम करून माणूस दमतो तसं दमले.

आणि भूक लागली. अण्णांनी गाठोडं सोडलं तर मी भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा घेऊन बसले. हे तिन्ही मला बंद होतं. आत्या लांबून हात नाचवत होती. मी तिच्याकडं बघत बघत दुसरी भाकरी मागून घेतली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण त्या दिवसापासून मला एक खोड लागली आहे. डोकं भणभणलं की मी पायात चपला सरकवते आणि घराबाहेर पडते. घरचे विचारतात, कुठं निघालीस? मी म्हणते, कुठं नाही, बाहेर. कोपऱ्यापर्यंत जाऊन येते, नाहीतर शाळेच्या मैदानाला फेरी मारते. आल्यावर सगळ्या कटकटी जिथल्या तिथं असतात, पण मी त्यांच्याशी नीट भांडू शकते. असो. सांगत काय होते? भाकरी.

तर भाकरीचा शेवटचा घास तोंडात होता आणि पोरगी रडायला लागली. आत्या तिला मांडीवर हलवत होती, थोपटत होती, "ओ ओ ओ" करत होती. पोरगी गप्प बसेना. मी ऐकत होते, आणि मला एकदम कळलं की हिला भूक नाही लागलेली, हिला उकडतंय. कसं कळलं ते सांगता येत नाही. पण अगदी स्वच्छ कळलं, आणि मग मला जो संताप आला तो आजवरच्या सगळ्या संतापांच्या वरचा होता.

ओल्या साडीनिशी मी झाडाखाली गेले. भादव्याच्या भर उकाड्यात पोरीला तीन दुपटी, डोक्याला लोकरी कानटोपी!

"आत्या, अगं काय हे? पोर आहे का लोणच्याची बरणी, फडकं बांधून ठेवायला?"

"वारं..."

"घाल चुलीत तुझं वारं! उकडतंय तिला! दिसत नाही?"

तिच्या मांडीवरून मी पोरीला ओढूनच घेतलं. कानटोपी काढून भिरकावली. दुपटी सोडली. आत मान सगळी घामोळ्यांनी लाल झालेली. "बघ, बघ काय केलंयस माझ्या लेकीचं!" मी ओरडले, आणि रडायलाच लागले. पोरगी मात्र गप्प झाली. लिंबाखालची झुळूक तिच्या अंगावरून गेली, तिनं डोळे किलकिले केले, हात वर केले आणि माझ्या ओल्या पदराला धरलं. मी तिचं तोंड बघत राहिले. नाक माझ्यासारखं होतं. इतक्या दिवसांत मी ते बघितलंच नव्हतं.

आई मागून आली. जवळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मालनताईंना काय सांगायचं मग?"

"कसल्या मालनताई? कुणाची पोर कुणाला देतेस तू?"

जशी काही आईनंच ती टूम काढली होती! तिनं पदरानं तोंड पुसलं, पाण्यानं ओलं होतं का रडत होती कोण जाणे, आणि पोत्यावर बसली.

"मीसुद्धा असंच बोलले होते," ती म्हणाली. "तुझ्या वेळी. तू मला नकोशी झाली होतीस, वैजू. तुझ्याकडं बघवत नव्हतं. वन्संना म्हटलं, तुम्हाला कुणी नाही, तुम्हीच घ्या हिला, तुम्हीच वाढवा. तेव्हा तू वन्संच्याच मांडीवर असायचीस."

मी आत्याकडं बघितलं. ती जमिनीवर पडलेली कानटोपी झटकत होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सव्वा महिना खोलीत काढला. विहीर पुजायला गेले आणि घरी आले ती बरी होऊनच. तुला कडेवर घेऊन आले. खोलीचा गुण. म्हणून तर तुला आत ठेवत होते गं. म्हटलं, माझं झालं तसं तुझंही होईल."

"आई, अगं खोलीचा कसला गुण? विहिरीवर गेलीस म्हणून बरी झालीस! बाहेर पडलीस म्हणून! आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तसं चाललंय तुझं. आणि त्यापायी मला कोंडलंस?"

 आईच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. मग ती आत्याकडं वळली. "वन्सं, असं असतंय का हो?"

"आसंच आसतंय," आत्या म्हणाली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठावं नसायला काय झालं? विहिरीवर माझ्याच मांडीवरनं उचललीस की तू हिला. आज हिनं उचलली तशीच. तवाधरनं मला ठावं हाय, बाई भायेर पडली की पोर परत मागती. आज म्हनूनच हिला टेम्पोत घातली."

"मग आधीच का नाही काढलंस मला?" मी किंचाळलेच. "इतके दिवस मी त्या अंधारात मरत होते, आत्या! आधीच का नाही?"

आत्यानं कानटोपीची घडी घातली. ती घडी मोडली आणि परत घातली.

"पोर मांडीवर हुती," ती म्हणाली. "म्हनलं, आजचा दिस ऱ्हाऊ दे. उद्या काढू. रोज आसंच म्हनायची म्या."

मला भयंकर राग आला होता. एकदा असंही वाटलं की पोरगी परत तिच्या मांडीवर ठेवावी. ठेवली नाही.

"सरक तिकडं," मी म्हटलं, आणि पोत्यावर तिला खेटून बसून पोरीला पाजायला घेतलं.